लिलावानंतरचा डाव

लासलगावात ‘होन्काई : स्टार रेल’चा दिवस रात्री दीड वाजता उजाडतो. या व्हिडिओ गेमचा आशियाई सर्व्हर चीनच्या वेळेनं चालतो. तिथं पहाटेचे चार वाजले की रोजची नवी कामं आणि नवी बक्षिसं सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा दीड वाजलेला असतो. बाजार समितीचा दिवस त्यानंतर सात-साडेसात तासांनी सकाळच्या लिलावानं सुरू होतो. एका कांदा व्यापाऱ्याकडे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, असलेला, तिशीकडे झुकलेला एक तरुण २०२३ पासून या दोन्ही दिवसांचा हिशेब ठेवतो आहे.

तो दीडपर्यंत जागत नाही, हे आधी सांगायला हवं. कारण मोबाइलवर खेळणारा म्हणजे रात्रभर जागणारा, ही समजूत गावात पक्की आहे. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, जुळवून, दुसऱ्या दिवशी करायच्या आरटीजीएसची यादी लावून तो रात्री साडेनऊ-दहाला मोकळा होतो. जेवण होतं. मग अर्धा-पाऊण तास फोन. एवढ्या वेळात हा खेळ नीट खेळून होतो. तो इतकी वर्षं या खेळाला धरून का राहिला, याचं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं त्याच्या दिवसात आहे.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. आशियातली कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतात. सकाळी इथं भाव निघाला की तो देशभरच्या व्यापाऱ्यांच्या फोनवर पोचतो. आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेनं लागलेल्या असतात. लिलाव पुकारणारा कर्मचारी आणि त्याच्याभोवतीचा व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनापासून दुसऱ्याकडे सरकत जातो. शेतकरी ट्रॉलीत उभा राहून वरचा थर उकरतो, आतला माल वर काढून दाखवतो. एखादा व्यापारी कांदा उचलतो, मान दाबून बघतो, पत्ती सुटली आहे का, रंग टिकलाय का ते बघतो आणि परत ढिगात टाकतो. बोली चढत जाते आणि एका आकड्याला थांबते. सगळं मिळून मिनिटभरही लागत नाही. भावाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते तोवर घोळका पुढच्या वक्कलापाशी गेलेला असतो. रोप टाकल्यापासूनचे महिने, उन्हाळ कांदा असेल तर कांदाचाळीत राखलेले आणखी काही महिने, या सगळ्याची किंमत त्या मिनिटात ठरलेली असते.

मेहताजी घोळक्याबरोबर चालत शेतकऱ्याचं नाव, गाव, वाहनाचा नंबर आणि भाव टिपत असतो. मग भुईकाट्यावर भरल्या वाहनाचं वजन, खळ्यावर माल खाली, रिकाम्या वाहनाचं वजन, वजाबाकी, हमाली-तोलाई, पट्टी. माल ओतताना खालच्या थरात गोल्टी, म्हणजे बारका कांदा, किंवा सडका कांदा निघाला की वाद सुरू. एका कानाला शेठचा फोन, समोर चिडलेला शेतकरी, पलीकडे पुढच्या गाडीसाठी खोळंबलेले हमाल. दोन मिनिटं शांतपणे विचार करता आला तर तिघांचंही समाधान होईल असा तोडगा त्याला सुचतो, हा त्याचा अनुभव आहे. ती दोन मिनिटं मात्र कुणाकडे नसतात.

‘स्टार रेल’मध्ये शत्रू थांबतो.

हा खेळ टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीनं खेळायचा. आपल्या बाजूला चार पात्रं, समोर यंत्रं नाहीतर राक्षस. आपल्या पात्राचा टर्न आला की सगळं जग थबकतं. उठून पाणी पिऊन या, घरातल्यांशी बोला, कागदावर आकडे मांडा. समोरचा अक्राळविक्राळ प्राणी जागच्या जागी डुलत उभा राहतो. पबजी किंवा फ्री फायरमध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीर जिवावर बेततो. त्या खेळांत त्याचं मन कधी रमलं नाही, कारण दिवसभर तो तेच करत असतो.

मुळात आळीपाळीनं खेळणं आपल्या मातीत मुरलेलं आहे. सारीपाट आहे, आणि परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट आहे, ज्यात कवड्यांचं दान पडेल तसं माणूस शिडी चढतो किंवा साप उतरतो. दानावर आपला ताबा नसतो; पडलेल्या दानाचं काय करायचं एवढंच हातात असतं. जपानी लोकांनी १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून हीच आळीपाळी पडद्यावर रुजवली. शांघायच्या तीन विद्यार्थी-मित्रांनी २०१२ मध्ये काढलेल्या मिहोयो या कंपनीनं तीच घेऊन २६ एप्रिल २०२३ रोजी ‘स्टार रेल’ बाजारात आणला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये तो सर्वोत्कृष्ट मोबाइल गेम ठरला. अ‍ॅपलनंही आयफोनवरचा वर्षातला उत्तम खेळ म्हणून त्यालाच निवडलं. खेळ फुकट उतरवून घेता येतो. अवकाशातून धावणारी एक आगगाडी, अ‍ॅस्ट्रल एक्सप्रेस, एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाते आणि खेळणारा तिचा प्रवासी असतो. मुंबईला जाणारी पंचवटी पकडायला ज्यानं लासलगाव स्टेशनच्या फलाटावर लहानपणापासून वाट पाहिली, त्याला ही कल्पना पहिल्याच दिवशी भिडली.

तो पहिला दिवस उजाडला सप्टेंबर २०२३ मध्ये. केंद्रानं ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं होतं. त्यावरून आणि इतर मागण्यांवरून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी २० सप्टेंबरपासून लिलावात भाग घेणं थांबवलं, ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. आवारात एरवी उभं राहायला जागा नसते. तिथं त्या दिवसांत ट्रॉलीचा आवाज नव्हता. मेहताजी पेढीवर जाऊन जुन्या वह्या लावत बसायचा. मनमाडच्या एका मित्रानं हा खेळ सुचवला. फोनमधले लग्नाचे व्हिडिओ लॅपटॉपवर हलवून जागा करावी लागली, एवढा तो मोठा आहे.

त्याला खेळात सगळ्यात आधी कळलं ते गणित, कारण ते त्याच्या रोजच्या हातातलं होतं.

प्रत्येक पात्राला वेगाचा एक आकडा असतो. दहा हजारला त्या आकड्यानं भागलं की पात्राचा टर्न किती अंतरावर आहे ते निघतं. वेग शंभर असेल तर अंतर शंभर. ‘मेमरी ऑफ केऑस’ नावाच्या अवघड परीक्षेत पहिली फेरी दीडशेची असते, पुढच्या प्रत्येकी शंभरच्या. त्याच्या एका पात्राचा वेग १२८ होता. दहा हजार भागिले १२८, म्हणजे ७८ च्या थोडं वर. दोन टर्नला १५६ लागतात आणि फेरी दीडशेला संपते. सहासाठी एक अख्खा टर्न हुकत होता. वेग १३४ केला तर अंतर ७४.६ वर येतं, दोन टर्न १४९.२ मध्ये बसतात. हे त्यानं पेढीवरच्या कॅल्क्युलेटरवर काढलं, पट्टीच्या कोऱ्या मागल्या बाजूला लिहिलं आणि त्या सहा आकड्यांच्या मागे लागला.

सहा आकडे कमवायचे तर ‘रेलिक’ मिळवावे लागतात: डोकं, हात, अंग, पाय आणि आणखी दोन जागांवर चढवायचे अलंकार. प्रत्येकाबरोबर तीन-चार गुण येतात आणि ते गुण कुठले हे नशिबावर. पुढे अलंकार वाढवत नेला की दर तिसऱ्या पायरीला त्यातला एखादा गुण वाढतो. तोही कुठला, ते आपल्या हातात नाही. एका खेपेला ४० ‘ट्रेलब्लेझ पॉवर’ खर्ची पडते. ही पॉवर सहा मिनिटांना एक या गतीनं आपोआप साठते, म्हणजे दिवसाला २४०. दिवसाला सहा खेपा. ढीगभर रेलिक येतात आणि त्यातलं बहुतेक टाकाऊ असतं. खळ्यावर बायका पाटावर बसून मोठा, मध्यम, गोल्टी, खाद असा कांदा ज्या सवयीच्या हातानं वेगळा करतात, त्याच सवयीनं तो रेलिक निवडू लागला: एक नजर, ठेव किंवा टाक. १३४ चा आकडा लागला त्या रात्री त्यानं बायकोला उठवून दाखवला. तिनं झोपेतच विचारलं, “पैसे मिळाले का?” नाही म्हटल्यावर कूस बदलली.

लढाईतही असंच हिशेबाचं काम आहे. चौघांत मिळून पाचच ‘स्किल पॉइंट’ साठवता येतात. साधा वार केला की एक जमा, खास विद्या वापरली की एक खर्च. एका पात्रानं उधळपट्टी केली तर औषध देणाऱ्या पात्राच्या हाती ऐन वेळी काही उरत नाही. शत्रूच्या डोक्यावर त्याच्या कमजोऱ्या चिन्हांनी दाखवलेल्या असतात: आग, बर्फ, वीज, वारा असे सात प्रकार. त्याच प्रकारचा वार करत राहिलं की त्याचं कवच फुटतं, त्याचा टर्न मागे ढकलला जातो. पुढे कोण येणार याची यादी पडद्याच्या डाव्या कडेला सतत दिसते. सगळं समोर मांडलेलं आहे. हरलो तर कुठं चुकलं ते दाखवता येतं. भाव पाडल्याचं खापर कधी व्यापाऱ्यावर, कधी आवकेवर, कधी सरकारवर फोडणाऱ्या आवारात उभं आयुष्य काढणाऱ्याला या उघड्या मांडणीचं मोल किती वाटत असेल, हे बाहेरच्या माणसाला सहज कळायचं नाही.

गणितानं आणलं, पण टिकवलं गोष्टीनं.

आगगाडीचा पहिला मोठा मुक्काम यारिलो-सहा या ग्रहावर. सातशेहून अधिक वर्षं तिथं बर्फ आहे आणि बेलोबोग हे एकच शहर माणसांचं उरलं आहे. शहराचे दोन भाग: वर उजेडातलं, खाली जमिनीच्या पोटातलं. खालच्यांनी खाणीतून जिओमॅरो हे खनिज काढायचं, त्याच्यावर वरचं शहर ऊब घेणार. आणि सर्वोच्च रक्षक असलेल्या कोकोलियानं वरचा-खालचा रस्ता बंद करून टाकलेला. का बंद केला, किती दिवसांसाठी, हे खालच्यांना कुणी सांगितलेलं नाही. नताशा नावाची डॉक्टर अपुऱ्या औषधांवर दवाखाना चालवते. ‘वाइल्डफायर’ नावाची खालच्या लोकांचीच संघटना जमेल तशी व्यवस्था राखते. वर राहणाऱ्या ब्रोन्याला, जी कोकोलियाची मानलेली मुलगी आणि फौजेची सेनापती आहे, खाली काय चाललंय ते पहिल्यांदा कळतं तेव्हा तिचा विश्वासच बसत नाही.

मेहताजी रात्री अर्धा तास खेळत हळूहळू या भागाच्या शेवटाकडे आला तो डिसेंबर २०२३. त्या महिन्याच्या ८ तारखेपासून केंद्रानं कांद्याची निर्यातच बंद केली. हुकूम निघाला आणि भाव कोसळले. बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. चांदवडच्या रास्ता रोकोत शरद पवार स्वतः येऊन बसले. आदल्या दिवशीच्या भावानं घेतलेला माल खळ्यावर पडून, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ती किंमत नाही. शेतकरी पेढीवर येऊन मेहताजीला विचारत, “भाऊ, कधी उघडंल?” जणू त्याला माहीत होतं. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती, मग पुढे वाढली. ४ मे २०२४ ला उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

त्या हिवाळ्यात बेलोबोगचं खालचं शहर त्याला काल्पनिक वाटेना. शांघायमधल्या लेखकांना लासलगावचा निफाड तालुका ठाऊक असण्याचं कारण नाही. पण वरच्यांच्या चुलीत जळणारी वस्तू पुरवणाऱ्यांना वर काय ठरतंय ते शेवटी कळावं, ही गोष्ट त्यांनी नेमकी पकडली आहे. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा ही इच्छा त्यालाही मान्य आहे. त्याची आत्या ठाण्याला भाड्याच्या खोलीत राहते आणि किलोचा भाव तीही विचारते. त्याचं म्हणणं एवढंच, की रस्ता बंद करणाऱ्यानं खाली येऊन एकदा सांगावं.

त्या भागाचा शेवट त्याला अजून टोचतो. कोकोलिया पडते, ब्रोन्या गादीवर येते आणि लोकांना खरं सांगितलं जात नाही. कोकोलिया शहरासाठी लढताना गेली, अशी कथा पसरवली जाते. लोक आधीच थकलेले आहेत, सत्यानं मोडून पडतील, हे त्यामागचं कारण. खेळ हे ठासून बरोबर किंवा चूक म्हणत नाही. मेहताजी आणि मनमाडचा मित्र यावर फोनवर भांडले. मित्राचं म्हणणं, राज्य चालवायचं तर असं करावं लागतं. मेहताजीचं म्हणणं, पट्टीवर खोटा आकडा एकदा लिहिला की पुढची प्रत्येक पट्टी खोटी लिहावी लागते. फुकट मिळालेल्या मोबाइल गेमवरून दोन पोक्त माणसं राजधर्मावर तासभर वाद घालतात, हे लिहिणाऱ्याला फार मोलाचं वाटतं. मराठीत कादंबरीवरून असा वाद होत असे, अजूनही कुठं कुठं होतो.

आता पैशाचं. इथंच सगळ्यात सावध राहायला हवं.

खेळ फुकट आहे, नवी पात्रं नाहीत. ती ‘वॉर्प’मधून निघतात, म्हणजे सोडतीतून. एका वॉर्पला १६० ‘स्टेलर जेड’ लागतात. रोजची कामं केली की दिवसाला ६० मिळतात; गोष्टीतून, परीक्षांतून, सणासुदीच्या खेळांतून आणखी. नाहीतर खरे पैसे देऊन घ्यायचे. पाच तारे असलेलं पात्र एका वॉर्पमध्ये निघण्याची शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या वॉर्पपर्यंत एक निघतंच, ही हमी. पण ते जाहिरातीतलं हवं तेच असेल याची शक्यता निम्मी. पहिल्यांदा भलतंच निघालं तर त्यापुढचं पाच ताऱ्यांचं मात्र हवं तेच. चीन सरकारनं २०१७ पासून अशा शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं, म्हणून हे आकडे खेळात छापील मिळतात. बहुतेक लोक ते उघडून पाहत नाहीत. मेहताजीनं पहिल्या आठवड्यात पाहिले.

त्यानं मांडलेला हिशेब असा. ०.६ टक्के म्हणजे प्रत्येक वेळी न निघण्याची शक्यता ९९.४. सलग दहा वेळा न निघण्याची ९४ टक्के. पन्नास वेळा न निघण्याची ७४ टक्के. म्हणजे पन्नास वॉर्प केलेल्या चौघांपैकी जवळपास तिघं रिकाम्या हातानं उभे. फार वाईट दान पडलं तर १८० वॉर्प, म्हणजे २८,८०० जेड. रोजच्या साठांवरच राहायचं तर तेवढ्याला ४८० दिवस. बाकीचं उत्पन्न धरलं की हे खूप कमी होतं, पण व्यापारी वाईटात वाईट भाव धरून माल घेतो, तसा त्यानं तोच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. त्यानंतर नियम सोपा झाला. हमी पुरी होईल एवढे जेड साठले नाहीत तर सोडतीचं पान उघडायचंच नाही.

ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलानं वडिलांच्या यूपीआयवरून पैसे उडवले तेव्हा मेहताजीनं त्याला हीच वही दाखवली. मुलगा म्हणाला, पन्नास झाले होते, आता निघणारच होतं. मेहताजीनं त्याला शांतपणे सांगितलं, पन्नास रिकामे गेले म्हणून एक्कावन्नाव्याची शक्यता वाढत नाही. ती वाढते सत्तरीच्या मध्यावर, असं खेळणाऱ्यांनी जमवलेल्या हजारो नोंदींवरून दिसतं. तोवर प्रत्येक वॉर्प पहिलाच असतो. हे त्या मुलाला पटलं की नाही कोण जाणे, पण वडिलांनी फोनवरची खरेदी पासवर्डमागे टाकली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२५ मध्ये याच कंपनीच्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळावरून तडजोडीत दोन कोटी डॉलर वसूल केले. सोडतीची शक्यता आणि खरी किंमत मुलांपासून झाकली जाते, हा आरोप होता. सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय ही सोडत विकायची नाही, अशी अट घातली गेली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. तेव्हा गावात मेहताजीला विचारणारे भेटले, तुझं हे रमीसारखंच ना? तो सांगे, रमीत जिंकलेले पैसे खिशात येतात म्हणून माणूस परत बसतो. इथं काही परत येत नाही, गेलेला रुपया गेला. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण सोडतीचा ओढा दोन्हीकडे सारखाच आहे, हेही तो कबूल करतो. लिहिणाऱ्याचं मत आणखी कडक आहे. अशी सोडत अठराच्या आतल्यांसाठी बंदच असावी आणि शक्यतेचा आकडा खरेदीच्या बटणावरच मोठ्या अक्षरांत असावा. सौद्यात वजन-भाव लिहून देण्याची सक्ती कांद्याला आहे, ती इथं का नको?

शाळेत असताना त्यानं जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ वाचलं होतं. त्या कथांमध्ये अवकाश होतं आणि विज्ञानाची शिस्त होती. लासलगावात तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्ट-साठच्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येऊ न देण्याचं काम तिथं होतं आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस याच केंद्रातून किरणं घेऊन गेला. अशा गावातल्या माणसाला ‘स्टार रेल’मधली देवासारखी ‘एऑन’ मंडळी सुरुवातीला खटकली. अवकाशात आगगाडी धावते आणि तिचा कंडक्टर सशासारखा प्राणी? मग त्यानं ते पुराणासारखं वाचायला घेतलं. विनाश, जतन, शिकार, विपुलता अशा एकेका तत्त्वाचा एकेक देव, आणि माणसं आपापल्या वाटेनं त्यांच्यामागे. तसं वाचलं की खटकत नाही.

२०२४ मध्ये आलेल्या पेनाकोनीनं त्याला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. पेनाकोनी ही स्वप्नातली नगरी, झगमगाटी हॉटेलची. तिथं संडे नावाचा एक मनुष्य आहे, रॉबिन या गायिकेचा भाऊ. दुर्बळांना हे जग झेपत नाही, म्हणून सगळ्यांना एका गोड स्वप्नात कायमचं ठेवावं, जिथं आठवड्याचे सातही दिवस सुट्टीचे, असं त्याचं म्हणणं. तो क्रूर नाही. लहानपणी जखमी पाखराला वाचवू न शकलेला माणूस आहे. नायक मंडळी त्याला विरोध करतात, हरवतात आणि लोकांना जागं करतात.

लिलाव बंद असले तरी ज्याची वही बंद नसते, त्यानं हा प्रसंग कसा पाहावा? हंगामात त्याला रविवारीही थकबाकीच्या याद्या असतात. त्याला प्रथम संडेचंच पटलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. सात दिवस सुट्टी नाकारणारे हे लोक कोण, ज्यांची गाडी कुठं थांबायची तेही तेच ठरवतात? काही रात्री तो पुढची लढाई खेळलाच नाही. मग आवारातला एक म्हातारा हमाल त्याच्या डोळ्यांसमोर आला. गुडघे गेलेत, मुलगा घरी बस म्हणतो, तरी रोज येतो. गोणी उचलवत नाही म्हणून बारदान मोजून देतो, पण येतो. त्याला झोपवून ठेवलं तर तो सुखी होईल का, हे मेहताजीला सांगता येईना. त्यानं लढाई खेळली. मनापासून खेळला की नाही, याचं उत्तर अजूनही तो नीट देत नाही.

खेळ तेरा भाषांमध्ये वाचता येतो. त्यात एकही भारतीय भाषा नाही. पेनाकोनीतले संवाद लांबलचक, पल्लेदार इंग्रजीत. सुरुवातीला तो बटण दाबत पुढे जायचा, नंतर शब्द अडला की थांबून बघू लागला. इथंही खेळ थांबतो, हा फायदा. या सवयीचा उपयोग पेढीवर झाला. निर्यात खुली झाल्यावर कंटेनरच्या कागदपत्रांवरचे इंग्रजी मेल शेठ आता त्याच्याकडे देतात. अर्थात हे मेल लिहिता यावेत म्हणून कुणी हा खेळ खेळावा, असं तो म्हणणार नाही. त्याला गोष्ट वाचायची होती.

बायकोचा विरोध होता आणि काही अंशी आहे. तिचं म्हणणं साधं: दिवसभर आकडे, रात्री पुन्हा आकडे, माणसाशी बोलायचं कधी? त्यावर दोघांनी ठरवलं की जेवताना फोन नाही आणि रविवारी दुपारी पुतण्याला गोष्टीचा पुढचा भाग मराठीत सांगायचा. बेलोबोगची गोष्ट सांगताना पुतण्यानं विचारलं, खालच्या लोकांनी खाणीतलं काम बंद का नाही केलं? मेहताजीनं त्याला सप्टेंबर २०२३ चा बंद आठवून सांगितला: काम बंद केलं की माल कुणाचा सडतो ते. बायकोही तेव्हा भाजी निवडत ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, नताशाचं पुढे काय झालं?

खेळाचं नवं व्हर्जन साधारण सहा आठवड्यांनी येतं. त्याचं वेळापत्रक आणि कांद्याचं वेळापत्रक जुळत नाही. दिवाळीच्या आगेमागे लाल कांद्याची आवक वाढते, मग रांगडा, मग मार्च-एप्रिलपासून उन्हाळ कांदा. आवक भरात असते तेव्हा पट्ट्या रात्री अकरापर्यंत चालतात आणि तो कित्येक दिवस खेळ उघडत नाही. तेवढ्यात मर्यादित काळाचे उपक्रम संपतात, हवं असलेलं पात्र येऊन जातं. गोष्ट मात्र जागच्या जागी असते. न वापरलेली थोडी पॉवरही राखीव खात्यात अठरा मिनिटांना एक या मंद गतीनं जमा होत राहते. तीस दिवसांचा पास तो कधीतरी घेतो. त्यात रोज ९० जेड मिळतात, पण ज्या दिवशी खेळ उघडला नाही त्या दिवसाचे बुडतात. म्हणून पास घ्यायचा तर आवक ओसरल्यावर, पावसाळ्यात, जेव्हा चाळीतला माल थोडा-थोडा येतो आणि संध्याकाळी सातला पेढी आवरते. यंदाही त्यानं वहीत तसंच लिहून ठेवलं आहे: जुलैचा एक पास, हमीचे जेड पुरे होईपर्यंत वॉर्प नाही, आणि २०२५ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅम्फोरियसच्या गोष्टीत जिथं थांबलोय त्या प्रसंगाचं नाव.